चांगुणाबाईच्या फरशीवरचं गाव

"मग ही चोरीच झाली की!" अंबाजी म्हणाला आणि त्यानं पहारीचं टोक फरशीच्या कडेखाली सारलं.

"चोरी कामून? गाठोडं त्यानं आपल्या हातानं दिलं," त्याची बायको चांगुणाबाई म्हणाली. ती फरशीच्या कडेला मांडी घालून बसली होती आणि उठायचं नाव काढत नव्हती.

"दिलं म्हणून तुला कुणी सांगितलं? वाटेत गाठायचं, गाठोडं काढून घ्यायचं, अन् रिकाम्या हातानं माघारी धाडायचं. याला दिलं म्हणत न्हाईत. दुसरं शील मोडलं." त्यानं दुसरं बोट मिटलं. पहिलं मघाशीच मिटलेलं होतं.

"पहार काढ रे आधी, माझ्या पायाला लागंल," त्याची आई भागाबाई म्हणाली. फरशीच्या दुसऱ्या बाजूला ती बसली होती. तिची सोंगटी, म्हणजे एक चिंचोका, आतल्या घरांच्या तोंडाशी येऊन थांबली होती आणि डाव अर्धा सोडून उठणं हे तिच्या रक्तातच नव्हतं.

भांडण फरशीवर कोरलेल्या चौकाबाऱ्याचं होतं. काही लोक या खेळाला चल्लस म्हणतात. पाच ओळी, ओळीत पाच घरं, चार कवड्या. चारी बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मधोमध एक मोठी फुली. आपापल्या फुलीवरून सोंगटी निघते, बाहेरच्या घरांची फेरी मारते, मग आतल्या घरांतून फिरत मधल्या फुलीत जाते. कुणी तिच्या घरात येऊन पडलं की ती मेली, पुन्हा पहिल्यापासून. इथवर ठीक होतं. पण एक नियम असा की, दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय कुणालाच आत शिरता येत नाही.

अंबाजीला तोच नियम सलत होता. दीक्षा घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पूर्वी त्याच्या वतीनं सगळं दुसरेच बोलायचे, पाटील बोलायचा, मुकादम बोलायचा. आयुष्यात स्वतःच्या तोंडानं, स्वतःसाठी दिलेला पहिला शब्द म्हणजे पंचशील. मग तो रात्रीच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकला आणि वंदनेच्या पुस्तकावर बोट ठेवून रोज संध्याकाळी घरादाराकडून म्हणवून घेऊ लागला. पहिलंच वाक्य प्राण्यांना मारणार नाही असं. आणि त्याच अंगणात रोज दुपारी बायका ओरडायच्या, "मारली! मारली गं!"

आता वैशाखी पौर्णिमेला भंतेजी येणार होते. मादन हिप्परग्याच्या त्या वस्तीत फरशी घातलेलं अंगण एकट्या अंबाजीचं. तरुणपणी तो शहाबादच्या दगडखाणीत होता, तिथून येताना बैलगाडीत फरश्या घालून आणलेल्या. भंतेजींचं आसन इथंच मांडायचं ठरलेलं. त्यांच्यासमोर मारामारीचा पट नको म्हणून तो मधली फरशी उलटी करून बसवायला निघाला होता. पट कोरला होता त्यानंच, लग्नानंतरच्या वर्षी, छिन्नीनं, एकेक रेघ सुतासारखी सरळ. चांगुणाबाई तोवर कोळशानं जमिनीवर आखायची आणि सासू रोज सारवताना पुसून टाकायची.

चांगुणाबाईला ना गाणं येत होतं, ना नीट शिवण. भाकरी मात्र पातळ करायची आणि बोलायची त्याहून पातळ, पण ते कुठं फाटायचं नाही. पण तिचं खरं कसब या फरशीवर दिसे. तिला कुठलाही नियम नुसता नियम म्हणून चालत नसे. फरशीवर एक गाव आहे आणि तिथले लोक असं वागतात त्याला कारण आहे, हे ती खेळायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगायची. चारी कवड्या उताण्या पडल्या की पुन्हा खेळायला मिळतं. का? तर चारी दारं उघडी सापडली, माणूस थांबेल कशाला. चारी पालथ्या पडल्या की आठ. का? तर गावात अंधार झालाय, कुणी बघत नाही, निघ लांबवर. बाहेर एका दिशेनं फिरायचं, आत गेलं की उलटं. का?

"बाहेर सरकारी रस्ता हाय. सरकार म्हणंल तसं चालायचं. आत आपलं घर. तिथं आपण म्हणू तसं."

आणि फुलीवर कुणी कुणाला मारत नाही, दोघी-तिघींच्या सोंगट्या एकाच घरात बसतात, ते का? एक फुली म्हणजे गावची विहीर, एक चावडी, एक शाळा, एक लिंबाचं झाड. "तिथं कुणी कुणाला उठीव म्हणत न्हाई," चांगुणाबाई सांगायची.

"खऱ्या गावात असं कुठं हाय, अक्का?" हे विचारलं होतं लक्ष्मम्मानं. ती लिंगायताची, तिचं शेत वस्तीला लागून. शेत बघून येते म्हणून घरून निघायची आणि इथं येऊन बसायची. पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्यायची. कवड्या मात्र सगळ्यांच्या हातातल्या घ्यायची.

"न्हाई म्हणून तर दगडात कोरून घेतलंय," चांगुणाबाई म्हणाली होती.

त्यानंतर काही दिवसांनी लक्ष्मम्मा तांब्या आणायची विसरू लागली. चांगुणाबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही, नुसती घागर सरकवली. दुपारची ही घटकाभर बैठक चांगुणाबाईला का हवी होती हे यावरून कळावं. रानातली खुरपणी, घरातलं दळण, सासूची बोलणी, यातलं काहीच तिनं निवडलेलं नव्हतं. फरशीवरचं गाव तेवढं तिचं होतं.

आदल्या दिवशी अंबाजीनं तोड काढून बघितली होती. मारायचा नियमच काढून टाका, म्हणाला. बायकांनी त्याच्या देखत एक डाव तसा खेळून दाखवला. कुणी कुणाच्या वाटेला गेलं नाही. एकामागं एक सगळ्या सोंगट्या आत जाऊन बसल्या.

"हा खेळ हाय का रेशनची रांग?" भागाबाईनं विचारलं आणि कवड्या टाकून दिल्या. लक्ष्मम्मा उठून खरंच शेत बघायला गेली.

म्हणून आज चांगुणाबाईनं दुसरा मार्ग धरला होता. नियम राहू दे, त्याला मारणं म्हणू नये. गावात जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून वाटेत भेटलेल्याचं गाठोडं घ्यायचं आणि तो दुसरं आणायला माघारी जातो, असं तिनं सांगितलं. ते दुसऱ्या शिलात अडकलं.

"बरं, गाठोडं न्हाई," ती म्हणाली. "वाटेत भेटला, त्याला सांगितलं, तुझी माय बोलवायली. म्हणून तो गेला माघारी."

"खरंच बोलवायली का त्याची माय?"

चांगुणाबाईनं नजर कवड्यांकडं वळवली.

"चौथं," अंबाजी म्हणाला. "खोटं बोलायचं न्हाई."

"मी सांगू का, अण्णा?" लक्ष्मम्मा म्हणाली. "एक बाई हाय, एक गडी हाय. वाटेत भेटले. बोलत बसले, बसले, बसले. उशीर झाला. मग एक जण—"

"नवरा-बायकू हायत का ते?"

"अय्यो, ते कुठं इचारलं मी!"

"तिसरं!" अंबाजीनं इतक्या जोरात बोट मिटलं की पहार हातातून निसटली. भागाबाईनं पाय आखडून घेतले.

"कामून एवढा घोळ घालायलाव?" ती म्हणाली. "त्याला शिंदी पाजा. प्यालेला माणूस आपसूक माघारी जातो. तुझा बाप जात नव्हता का? आळंदच्या बाजाराला निघायचा अन् शिंदीच्या झाडापास्नं घरी."

बायका हसून हसून वाकल्या. अंबाजीलाही हसू फुटत होतं, पण त्यानं ते दाबलं. आता पाचही बोटं मिटली होती. मिटलेली मूठ त्यानं बायकोसमोर धरली.

"बघ. पाचाच्या पाच मोडली या एका नियमापायी. म्या शब्द दिलाय चांगुणा. तूबी दिलायस. उठ आता."

"व्हय, दिलाय," ती म्हणाली. हसणं तिच्या तोंडावरून गेलं होतं. "म्हणून तर इचार करायले. न्हाईतर कवाच म्हणाले असते, जा, उलटी करा."

तिनं पदर खांद्यावर घेतला आणि भागाबाईचा चिंचोका उचलून हातात धरला.

"ही सोंगटी निघाली. पार आतल्या दारापातुर गेली. तिथं कुणीतरी आलं अन् म्हणालं, जा माघारी. ती गेली. मेली न्हाई. माघारी गेली."

"तिला जायचं होतं का माघारी?" अंबाजीनं विचारलं. "जबरदस्तीच झाली की."

"मला तरी कुठं यायचं होतं?"

भागाबाई कवड्या पुसत बसली.

"लगीन झालं तवा मी पळून जायची खजुरीला," चांगुणाबाई लक्ष्मम्माकडं बघून म्हणाली, पण सांगत होती नवऱ्याला. "पायी. यांना ठावं हाय. दारात गेलं की माझी माय भाकरी वाढायची अन् बाप चप्पल घालायचा. भाकरी खाऊन होईस्तोवर चप्पल घालून उभा. ओढ्यापातुर माझ्या मागं चालत यायचा. धाकटी बहीण लग्नाची होती. थोरली घरी येऊन बसली तर तिला कोण करणार? मला माघारी धाडलं तवाच धाकटीला बघायला पाव्हणे आले. दुसऱ्याला माघारी धाडल्याबिगर कुणाला आत जाता येत न्हाई, हा नियम म्या न्हाई काढला. बापानं मला मारलं न्हाई. माझं काही चोरलं न्हाई. खोटं बोलला न्हाई. प्यालेला नव्हता. आता सांगा, कंचं शील मोडलं?"

अंबाजीनं मुठीकडं बघितलं. एकेक बोट उघडून त्यानं खरंच मनात ताडून पाहिलं. त्याला पुस्तकातलं सगळं पाठ होतं, पण यातलं काही त्यात बसेना.

"मग हे चांगलं झालं म्हणतीस?" त्यानं हळू विचारलं.

"चांगलं कोण म्हणायलंय? खेळात असं असतंय, म्हणून सांगायले. पण माघारी गेली म्हणून पाळी जात न्हाई. कवड्या पुन्हा तिच्या हातात येतात. मी मेले असते तर ही फरशी कुणासाठी कोरली असती तुमी?"

भागाबाई कधी नव्हे ती सुनेच्या बाजूनं बोलली. "त्या दिवसांत तू खाण सोडून आला होतास, रोज ओढ्याकडं बघत बसायचास. मला आठवतंय."

"माय, तू गप बस."

"मी बसतेच. माझा चिंचोका दे गं इकडं."

अंबाजीनं पहार उचलली. चांगुणाबाई बसल्या जागची हलली नाही. फरशीच्या कडेची उकरलेली माती त्यानं पायानं आत सारली, टाचेनं दाबली, आणि पहार गोठ्यात ठेवून आला. रांजणाजवळ हातपाय धुतले. तोवर बायकांचा डाव पुन्हा सुरू झाला होता, पण कवड्या हळूच पडत होत्या आणि सगळ्यांचे कान त्याच्याकडं होते.

उपरण्यानं तोंड पुसत तो ओट्यावर येऊन उभा राहिला.

"फरशी जागची हलणार न्हाई," तो म्हणाला. "भंतेजींचं आसन दारापुढच्या लिंबाखाली मांडायचं. त्यांनी इचारलं तर मी सांगीन, दुसरं कुणी बोलायचं न्हाई. अन् या घरात आजपासून सोंगटी मेली म्हणायचं न्हाई. माघारी गेली म्हणायचं."