प्याल्याची कड

आमच्या गावच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे एकाच प्याल्यातून द्राक्षरस पितात. एकाने घोट घेतला की पाळकसाहेब पांढऱ्या रुमालाने कड पुसतात, प्याला थोडा फिरवतात आणि पुढच्यासमोर धरतात. मला ही रीत लहानपणापासून आवडायची. आपण सगळे सारखेच पापी आणि क्षमाही सगळ्यांना सारखीच, असं ती न बोलता सांगते.

या रविवारी माझ्या शेजारी दाजी गुडघे टेकून बसले होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी ताईला मारलं होतं. आता डोळे मिटून त्यांनी मोठा घोट घेतला आणि ओल्या मिशांवरून हात फिरवला. रुमाल कडेवरून गेला आणि प्याला माझ्यासमोर आला. मला त्यांच्या उष्ट्याची नव्हे, इतक्या चटकन पुसून मोकळ्या होणाऱ्या क्षमेची किळस आली. असं वाटणं हेही कदाचित पापच असेल. मला नीट कळत नाही. मी ओठ नुसते टेकवले.

बाहेर दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय पाव्हणं, कॉलेजात गेल्यापासून देव नको झाला काय? घोट पण घेतला नाय!" हसत हसत ते पुढे गेले.

ताई पायरीवर चपला घालत होती. मी विचारलं, "तू तरी घेतलास ना?"

"नाही रे," ती पदर तोंडाशी धरून म्हणाली. "ओठ फुटलाय. द्राक्षरस झोंबतो."