घरघर परत आणून देणारा

"याला संगीत म्हणतात? अहो, बिघडलेला फ्रिज बरा! निदान दूध तरी गार ठेवतो."

"मग फ्रिजच ऐक."

"लग्न झाल्यापासून तेच तर ऐकतेय!"

वरच्या मजल्यावरच्या नवराबायकोचं हे भांडण मी जिन्यात बसून ऐकलं. मुद्दाम नव्हे हो. आमचे हे गेल्यापासून मी ताट घेऊन जिन्यातच जेवायची. रिकाम्या घरात घास उतरत नसे. लेकीनं निक्षून सांगितलं होतं, "महिनाभर बघते, आई. नाहीतर घर बंद करायचं आणि माझ्याकडे यायचं." मला माझं घर सोडायचं नव्हतं.

तो नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. खाली उतरला आणि मला ताटासकट बघून ओशाळला.

"ऐकलंत वाटतं सगळं, मावशी?"

"भांडण ऐकलं. आता ते संगीतही ऐकव."

त्याची रीत निराळी. आधी माझ्या स्वयंपाकघरात डोळे मिटून पाच मिनिटं बसला. फ्रिजची घरघर, घड्याळ, सैल खिडकी, सगळं डॉक्टरनं छाती तपासावी तसं ऐकलं. मग एक कॅसेट आणली. सोबत चिठ्ठी: 'आवाज बारीक. जेवताना लावा. समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका.'

ना चाल, ना शब्द. एकच सूर लांबत जायचा, मधूनच पाणी ठिबकायचं. पण फ्रिजच्या घरघरीत ते असं मिसळलं, की घरात कुणी वावरतंय असं वाटलं. मी टेबलाशी बसून पोटभर जेवले.

त्याला इतका आनंद झाला की त्यानं माझा फ्रिजच दुरुस्त करून टाकला. घरघर गेली आणि कॅसेट लंगडी झाली. मी पुन्हा ताट घेऊन जिन्यात. रविवारी लेक येणार होती.

"कॅसेटचा कंटाळा आला का, मावशी?"

"कॅसेट तीच आहे रे. घर मुकं झालंय."

त्यानं कपाळावर हात मारला. फ्रिजमागे शिरून एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला. "जन्मभर घरघर घालवली. आज पहिल्यांदा बसवली!"

"गिऱ्हाइकांना सांगू नका म्हणजे झालं," वरून बायको ओरडली.

रविवारी लेक माझ्यासोबत टेबलाशी जेवली, दोनदा भात वाढून घेतला. घर बंद करायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

असं बावीस वर्षं चाललं. त्याच्याकडून कॅसेट ऐकायला नेणारे आम्ही सात जण झालो. त्यातल्या शिंपीणबाईला तो सांगायचा, "शिवणयंत्र चालू असतानाच ऐका." माझे दोन फ्रिज बदलले. दोन्ही नवेकोरे, आणि दोन्हींचा स्क्रू त्यानं आल्याबरोबर सैल केला. त्याचे उपकार मी त्याला कधी बोलून दाखवले नाहीत. नुसता चहा पाजला.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. नेहमीसारखा आला. डोळे मिटून पाच मिनिटं बसला. स्क्रूला बोट लावून बघितलं. जुनी कॅसेट खिशात टाकली, नवी टेबलावर ठेवली, वर चिठ्ठी: 'आवाज बारीक.'

"येतो, मावशी," म्हणाला, आणि शिंपीणबाईची कॅसेट घेऊन जिना उतरला.