कुजायची पिशवी

मानवतच्या रोपवाटिकेतला तो माणूस पपईचं रोप दोन्ही तळहातांवर तोलून उचलायचा. यंदा सगळी रोपं त्यानं स्टार्च मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लावली होती. पिशवीसकट पुरायची, पिशवी मातीत कुजते. पाणी मात्र तो थेंबथेंब घालायचा.

"मामा, रोपांना औषध पाजताय का?" मी विचारलं.

"हसा! लय पाणी घातलं तर पिशवी हितंच फाटंल. आन् तुमच्या रानात कुजलीच न्हाई, तर मुळं कोंडून रोप मरंल. मंग पुढच्या साली माझ्याकडं कोण येईल?"

कुजते का ते बघायला कोपऱ्यात पुरलेली एक रिकामी पिशवी त्यानं उकरली, ओढून पाहिली. फाटेना. तोंड पाडून पुन्हा पुरली.

मी हसत रोप आणून पिशवीसकट लावलं. आता रोज सकाळी मीच माती उकरतो. बायको म्हणते, "अहो, त्याला रुजू तरी द्या!"