मलाही सातवाच

‘‘तू मागच्या दारी बस गो. उपाशी माणसाची दीठ लागते अन्नाला.’’

असं म्हणून वहिनीबाईंनी मणगण्याच्या टोपावर झाकण ठेवलं. मणगणं, ही आमच्याकडची गोड खीर, मीच शिजवलेली. चण्याची डाळ मी निवडली, नारळ मी खवला, रस मी पिळला. डिचोलीतल्या त्या घरी मी स्वयंपाकाला होते. त्या दिवशी त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण. तिला सातवा. मलाही सातवाच! फक्त माझं पोट कुणाला दिसत नव्हतं.

खाण बंद, म्हणून नवऱ्याचा ट्रक बंद. सकाळी पेज. संध्याकाळी तीच पेज, पाणी वाढवून.

हेवा? अहो, जळून कोळसा झाले होते मी! तिच्या केसांतल्या अबोलीचा हेवा. तिच्या ढेकरांचा हेवा. ‘‘ईऽ, वासानंच मळमळतं,’’ म्हणत ती भरलं ताट सरकवायची. मला त्या मळमळीचासुद्धा हेवा. काय श्रीमंत मळमळ!

घरी मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. केस विंचरावेसे वाटत नव्हते. पोर आतून लाथ मारायचं आणि मला त्याचाच राग यायचा. बोलायचं कुणाकडे? आमच्याकडे भेटेल तो विचारतो, ‘‘जेवलीस?’’ उत्तर ठरलेलं. जीव गेला तरी ‘जेवले.’

त्या दिवशी ओटी भरायला आलेली एक म्हातारी मागच्या दारी हात धुवायला आली. सवयीनं विचारलं, ‘‘जेवलीस गो बाये?’’

‘‘नाही.’’

एवढ्या मोठ्यानं, की आतली गाणी थांबली. मग मला चेवच आला. ‘‘नाही जेवले! काल पण नाही!’’

वहिनीबाई धावत आल्या. ‘‘चार बायकांत माझी अब्रू काढतेस?’’

‘‘तुमची अब्रू टोपात आहे, वहिनीबाई. झाकण काढा.’’

आणि गेले की आत! सुनेशेजारी मांडी ठोकून बसले. तीनदा मणगणं मागून घेतलं.

काम गेलं. दुसऱ्या दिवशी तपासणीला गेले. नर्सबाईंना म्हटलं, ‘‘पोटात अन्न नाही. आणि पोर नकोसं झालंय. दोन्ही लिहा.’’

‘‘दुसरं कशाला लिहायचं? होतं असं.’’

‘‘मग तेच आधी लिहा. लिहिल्याशिवाय मी या बाकावरून उठणार नाही.’’

मागे रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे. मी पाय पसरून बसले.