दाराच्या आतले ओरखडे

माझ्या मामाला सगळी गल्ली पानामामा म्हणते, कारण नट आवळायचा पाना त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असतो. कुणाकडे गेला की बसायच्या आधी खुर्ची उलटी करून बघणार, ढिला नट दिसला की आवळणार आणि मगच पाणी पिणार. मामी म्हणते, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हाही माझ्याकडे नाही, डुगडुगणाऱ्या टेबलाकडेच बघत होते."

शिक्षण चौथी. चौतीस वर्षं त्यानं एकच ट्रक चालवला आणि बिघडला की स्वतःच दुरुस्त केला. काम सुटल्यावर ती गाडी अकरा वर्षं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मग डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, नजर जाणार, फार तर सात-आठ महिने. मामा तिथून थेट माझ्या दुकानात आला. मी पुस्तकं बांधतो, बाइंडर आहे. कागदाच्या कातरणांत बसून तो म्हणाला, "भाचेबुवा, दिसतंय तोवर तिला एकदा नव्यासारखी बघायचीय. जमवशील?"

जमवशील म्हणजे काय! मी छाती फुगवून हो म्हणालो. आयुष्यात साधी सायकल खोलली नव्हती, पण बोलायला काय जातं?

आता माझा विश्वास फक्त छापलेल्या कागदावर. मी ठरवलं, आधी कंपनीची मूळ माहितीपुस्तिका मिळवायची, मगच एका तरी बोल्टला हात लावायचा. मामा म्हणाला, "पुस्तक कशाला? मी आहे ना."

"मामा, तुझी चौथी. वायरिंगचा नकाशा काय तुझ्या डोक्यातून काढू?"

तो हसला. मला मात्र ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग सुरू झाली वणवण. रद्दीवाले झाले, भंगारवाले झाले, जुने ट्रक जपणाऱ्या अनोळखी लोकांना पत्रं लिहून झाली. कुणी दिव्याचा फोटो पाठवला, कुणी जाहिरातीचं फाटकं पान. एकानं ट्रॅक्टरची पुस्तिका गळ्यात मारायचा प्रयत्न केला. वर म्हणतो, "घ्या हो, चाकं चारच असतात." त्यात पाच महिने गेले. मामा अधूनमधून विचारायचा, "आलं का रे पुस्तक?" आणि मी खेकसायचो, "येईल! घाई काय आहे?" घाई काय आहे, हे मी त्याला विचारत होतो!

हात रिकामे नकोत म्हणून मी पत्र्याचं काम काढलं. रंगाऱ्याला बोलावलं. दोन्ही दारांच्या आत आणि सीटच्या मागं ओरखडेच ओरखडे होते. ठिपके, फुल्या, बाण, अर्धी वर्तुळं. कुणीतरी बसल्या बसल्या चाळा केला असणार, असं मी धरून चाललो. रंगाऱ्याला बजावलं, "एकही ओरखडा राहता कामा नये." त्यानं सगळं घासून सपाट केलं आणि वर प्रायमर मारला.

संध्याकाळी मामा आला. दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"गुळगुळीत झालंय," तो म्हणाला आणि निघून गेला. शेडमधलं डुगडुगतं स्टूलही त्यानं बघितलं नाही. मला वाटलं, रंगाचा वास सहन झाला नसेल. एवढा मी हुशार!

सहाव्या महिन्यात पुस्तिका आली. मी तिला कापडी बांधणी केली, सोनेरी अक्षरं उठवली, मग वायरिंगचं पान उघडून गाडीखाली शिरलो. एक वायर जुळेना. पुस्तकात इंजिन चार सिलिंडरचं, गाडीत सहाचं. पुस्तिका घेऊन तसाच मामाकडे धावलो.

"मूळचं इंजिन कधीच गेलं," मामा म्हणाला. "हे दुसऱ्या गाडीचं, गिअरबॉक्स तिसरीचा. वायरी मिळतील त्या रंगाच्या."

"मग कुठली कुठं जाते ते सांग!"

"ते दाराच्या आत खिळ्यानं कोरलं होतं. मला लिहिणं कुठं धड जमतं, म्हणून खुणा केल्या होत्या. पत्र्यावर आहे म्हणून डोक्यात ठेवलंच नाही कधी."

"अरे, मग मला सांगायचंस ना!"

"आलो तेव्हा घासून झालं होतं. आणि तू इतक्या हौसेनं विचारलंस, कसं झालंय."

चूक माझी, पण ओरडलो मी त्याच्यावरच. मामीनं मला हाताला धरून बाहेर काढलं. त्या वेळी मामाला माझा चेहरासुद्धा धड दिसत नव्हता.

पुढं एकेक वायर लावून बघायची, फ्यूज उडाला की काढायची, असं करत आणखी आठ महिने गेले. गाडी सुरू झाली. नव्यासारखी दिसते, असं बघणारे म्हणतात. मामानं ती बघितली नाही.

मी त्याला हात धरून स्टिअरिंगमागं बसवलं. इंजिन सुरू केलं. त्यानं मान कलती करून ऐकलं. "तिसरा सिलिंडर मागं पडतोय," म्हणाला, आणि ते बरोबर होतं. मग त्याचा हात दाराच्या आतल्या बाजूला गेला. बोटं सावकाश वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

"मामा, काय शोधतोयस?"

"वाटलं, एखादी खूण राहिली असेल. खोल कोरल्या होत्या रे. बोटांनी वाचल्या असत्या."

मी इंजिन बंद केलं. त्यानं चाचपत माझ्या खांद्यावर थोपटलं.

"रंग छान बसलाय हं," तो म्हणाला. "हाताला काहीच लागत नाही."