पिवळ्या चौकटीतली खुर्ची

तानाबाई आमच्या सरकारी दवाखान्यात मावशी आहे. फाटकातून आलेल्या, पाय टेकवता येत नसलेल्या माणसाला चाकाच्या खुर्चीत बसवून पाहिजे त्या खोलीपर्यंत नेणं, हे तिचं काम. तोंडानं फटकळ, पण खुर्ची तिनं कधी रिकामी ठेवली नाही. मी समोरच्या केसपेपरच्या खिडकीवर बसतो, रोज बघतो.

मग वरून ‘लीन’ आलं. जपानी कारखान्यांची पद्धत म्हणे. फुकटचे हेलपाटे आणि वाया जाणारा वेळ कमी करायची. पेशंटचा हेलपाटा वाचणार असेल तर कुणाला नकोय? पण आमच्यापर्यंत पोचला तो फक्त पिवळा रंग. फरशीवर चौकटी आखल्या. वस्तू चौकटीत दिसली नाही की तपासणीला येणारी समिती गुण कापणार. धड चालणारी खुर्ची एकच, तिला मुकादम बिरुदेवनं साखळी घालून कुलूप लावलं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा.

त्याच आठवड्यात संगप्पा आला. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलच्या यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा, साखरेचा पेशंट. तळपायाची जखम चिघळलेली. रोज ड्रेसिंग कर आणि पायावर भार देऊ नको, नाहीतर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ड्रेसिंगची खोली पार मागच्या इमारतीत.

“किल्ली दे,” तानाबाई बिरुदेवला म्हणाली.

“समिती कवाबी यील, मावशी. आज न्हाय.”

“खुर्ची मान्सासाठी हाय का फोटूसाठी?”

“माज्यावर नगा वरडू. गुण कापले तर बोलणी मलाच बसत्यात.”

“ऱ्हाऊ द्या की,” संगप्पा मधेच म्हणाला. “मी चालतो.”

तानाबाईनं खांदा दिला, पण भार पायावर पडायचा तो पडलाच. दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर तो यायचाच बंद झाला. समिती आली, चकचकीत खुर्चीचा फोटो काढून, चहा पिऊन गेली. आम्हाला प्रमाणपत्र मिळालं. मला ते टराटरा फाडावंसं वाटलं.

साखळी निघाली. पुढच्या महिन्यात रिक्षातून संगप्पाला दोघांनी धरून उतरवलं. तानाबाई धावत खुर्ची घेऊन गेली, त्याला बसवलं आणि सवयीनं वाकून पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्या खाली पाडल्या.

“एकच पुरं, मावशी,” संगप्पा म्हणाला.