शेवटच्या कडव्यातलं नाव

चाळीस वर्षांच्या संसारात चतुराबाईंनी नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. देव्हारा गेला, उपासतापास गेले, बाकीच्या सगळ्या रूढी त्यांनी सासूच्या नाकावर टिच्चून मोडल्या. ही एक तेवढी राहिली. ‘श्रद्धाचे पप्पा’ एवढ्यावर भागत होतं.

त्यांचा नवरा भिवा चिखलीतल्या एका वर्कशॉपात प्रेस मशीनवर होता. डाव्या हाताची दोन बोटं मशीनने नेली. उरलेल्या तिन्हींनी तो ढोलकी वाजवायचा आणि जयंतीला स्वतः रचलेली भीमगीतं गायचा. असल्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ‘भिवा सांगे लेकरांना, पाटी सोडू नका’ ही ओळ आली की मागे साथ करणाऱ्या चतुराबाई नावापुरतं नुसतं ‘हं’ म्हणायच्या आणि बाया खुसुखुसु हसायच्या.

पुढे रोहिदास नावाच्या गायकाची कॅसेट निघायची होती. त्याने हेच गाणं मागितलं, तर भिवाने गाण्यांची अख्खी वहीच त्याच्या हातात ठेवली. वर म्हणाला, "शेवटी तुझं नाव घाल. गाणारा तू हायस. गाणं समाजाचं हाय." कागद नाही, सही नाही. एवढी दिलदारी कायद्याला कळत नसते, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार!

भिवा वारला. त्याच्या आवाजाची एकच घरगुती कॅसेट मागे राहिली. ती खरखरायला लागली तेव्हा लेकीने, श्रद्धाने, ती मोबाइलवर उतरवून इंटरनेटवर टाकली. श्रद्धा चाकणला कंपनीत पार्ट तपासते, बारीक चरासुद्धा तिच्या नजरेतून सुटत नाही. पण इथे ती फसली. "आता कुठं जातंय, आई," म्हणत तिने मोबाइलमधलं पुसलं, आणि चतुराबाईंनी टेपरेकॉर्डरसकट कॅसेट भंगारात दिली. मग रोज दुपारी जेवण झालं की त्या गाणं लावायच्या.

एके दुपारी गाण्याच्या जागी नुसती काळी चौकट आली. सुट्टीवर असलेल्या श्रद्धाने खालचं वाचून दाखवलं. गाण्याचे हक्क दुसऱ्या कंपनीचे आहेत, म्हणून काढून टाकलंय. रोहिदास कधीच गेला होता. त्याची कॅसेट कंपनी कुणीतरी विकत घेतली होती, तिलाही आणखी कुणीतरी. इंटरनेटवरच्या यंत्राने दोन गाणी ताडून पाहिली आणि ज्याने रचलं त्यालाच चोर ठरवलं. गाणं परत उतरवूनही घेता येईना.

श्रद्धाने तक्रार लिहिली. हक्काचा पुरावा जोडा, असं उत्तर आलं.

"पुरावा? अगं, अख्ख्या वस्तीला म्हाईत हाय! वस्तीच्या सह्या चालत्याल का इचार."

"आई, तिकडं विचारायला माणूसच नाहीये गं."

चार दिवसांनी तक्रार फेटाळली गेली. दुपार झाली की चतुराबाईंचा हात मोबाइलकडे जायचा आणि मागे यायचा. श्रद्धाला ते बघवेना. शेवटी रविवारी ती म्हणाली, "पप्पांचा आवाज गेला, आता तू गा. निदान त्यांचं नाव तरी राहील."

चतुराबाई मांडी घालून बसल्या. तीन कडवी खणखणीत झाली. शेवटच्या ओळीशी मात्र अडल्या, पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला.

"भिवा सांगे लेकरांना..."

सहासष्ट वर्षांची बाई नव्या नवरीसारखी लाजली आणि त्याच दमात रडली.

श्रद्धाने मोबाइलवर घेतलेलं गाणं लगेच इंटरनेटवर चढवलं. दोघींचा चहाही संपला नव्हता, तेवढ्यात मोबाइल वाजला. यंत्राने चाल ओळखली होती. पुन्हा तीच काळी चौकट.

"जाऊ दे, आई. हे आपल्या मोबाइलमध्ये आहे की."

"गाणं कुणाचं ते आपल्याला तर ठावंच हाय, पोरी." चतुराबाईंनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. "जल्मात पयल्यांदा नाव घेतलं त्यांचं. ते बी चोरीत धरलं."